पालकाची सही

सान रोके प्राथमिक शाळा
२७ सप्टेंबर २०२१

लोलो पानियो यांना,

आजोबा, इथूनच तुमचा हात कपाळाला लावते. दीड वर्ष झालं, सगळ्या थोरामोठ्यांचे हात मी असे कागदावरूनच कपाळाला लावतेय. देव आशीर्वादात काटछाट करत नसेल अशी आशा आहे.

मी लुडिविना फाहिलान, तुमच्या नातीची, लिनलिनची, बाई. गेल्या वर्षी दुसरीला मीच होते, यंदा तिसरीलाही मीच आहे, आणि तरी तिचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही. मी बदलून या बेटावर आले आणि दुसऱ्याच महिन्यात शाळेला कुलूप लागलं. तेव्हापासून दर सोमवारी होडीवाला दोरो तुमच्या पुंता वाडीला स्वाध्यायांचं पाकीट नेतो आणि सोडवलेलं पाकीट परत आणतो, तेवढीच आमची ओळख. वाडीत फोन लागत नाही, म्हणून हे पत्र पाकिटातच घालतेय.

आधी तक्रार. स्वाध्यायाच्या शेवटच्या पानावर उत्तरं छापलेली असतात. ती घरच्यांनी तपासायला असतात, मुलांनी उतरवून काढायला नाहीत. 'तुझ्या आईचं नाव लिही' यापुढे लिनलिनने लिहिलंय, 'उत्तरे वेगवेगळी असू शकतात.' लोलो, आईच्या नावाची वेगवेगळी उत्तरं कशी असतील? 'तुझं आवडतं पेय' यापुढे लिहिलंय 'तुबा'. नऊ वर्षांच्या पोरीला माडी? आणि 'मोठेपणी तू कोण होणार?' याचं उत्तर आहे, 'होऊन झालं.' हा आगाऊपणा की अज्ञान, हे मला ठरवता आलेलं नाही. अक्षर तर असं, की पानावरून खेकडा चालत गेलाय.

आता आनंदाची बातमी. शाळा उघडतेय! सगळी नाही, फक्त लहान वर्ग, आणि तेही चाचपून बघायला. सबंध परगण्यात मोजक्या शाळा निवडल्या, त्यात आपली आहे. पंधरा नोव्हेंबरला तिसरीचा वर्ग भरेल. अट एकच: किमान दहा मुलांच्या पालकांनी लेखी संमती द्यायला हवी. नऊ आली तर वर्ग नाही. तिसरीत मुलंच दहा आहेत, म्हणजे एकही गळून चालणार नाही. कागद सोबत जोडलाय. लिनलिनची आई परदेशी आहे, तेव्हा 'पालकाची सही' या रकान्यात तुम्हीच सही करायची.

तुमची,
मॅम लुडिविना

———

पुंता वाडी
४ ऑक्टोबर २०२१

मॅम,

देव तुमचं भलं करो. आशीर्वाद पूर्ण दिला आहे, काटछाट केलेली नाही.

आईच्या नावाचं म्हणाल, तर ते उत्तर सरकारने छापलेलं आहे. सरकारचा छापील कागद एक सांगतो आणि आम्ही वाडीतल्या माणसांनी दुसरंच लिहायचं का? माझ्या मुलीचं नाव मारिलू. ती दोहाला हॉटेलात खोल्या आवरते. हे नाव सरकारला ठाऊक नसेल, म्हणून त्यांनी मोघम लिहिलं असेल.

तुबाचं म्हणाल, तर मुलगी पीत नाही. या घरात दुसरं कोणीतरी संध्याकाळी थोडी पितं. तेही थोडीच. लिनलिन अतिशय हुशार, मेहनती आणि दिसायलाही बरी मुलगी आहे, असं अख्खी वाडी म्हणते.

संमतीचा कागद दोरोच्या होडीत भिजला. त्यावर पेन चालत नाही. शिवाय रोग अजून गेलेला नाही. आमच्या वाडीत तो अजून आलेलाच नाही. मग आपण होऊन त्याला आणायला होडी कशाला पाठवायची?

आपला,
एपिफानियो फेताल्वेरो

———

सान रोके प्राथमिक शाळा
११ ऑक्टोबर २०२१

लोलो पानियो यांना,

हात कपाळाला.

नवा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातलाय. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आहे. आता तो भिजायचा असेल तर दोरोला होडीसकट बुडावं लागेल.

रोगाची भीती मला समजते. मलाही वाटते. माझी मोठी बहीण गेल्या वर्षी त्यातच गेली, तेव्हा मी हे सगळं हसण्यावारी नेत नाहीये. म्हणूनच आम्ही काय काय केलंय ते सांगते. आम्ही सगळ्या शिक्षकांनी दोन्ही लशी घेतल्या. बाकं एकमेकांपासून इतकी लांब ठेवली, की कॉपी करायला दुर्बीण लागेल. खिडक्यांची तावदानं काढूनच टाकली, वारा इकडून येतो आणि तिकडून जातो. जमिनीवर बाण रंगवलेत: येताना हिरव्या बाणावरून, जाताना पिवळ्या. मुख्याध्यापक स्वतः तीनदा चुकले. डबा एकत्र खायचा नाही, सकाळीच शाळा आणि दुपारी घर. फक्त हात धुण्याची सोय राहिलीय. शाळेत नळ एकच आहे, तोही लहर लागली तर वाहतो.

आठ सह्या आल्यात. तुमची नववी धरून चालू का?

आणि हो, तुमचं पत्र बघून मी थक्क झाले. काय ते अक्षर! एकेक ओळ अशी, की हौसेने भिंतीवर लावावी. खरं सांगते, स्वाध्याय तुम्हीच सोडवता असा मला संशय होता. या बेटावर निम्मे स्वाध्याय आयाच सोडवतात. एका मुलाच्या बेरजेत मला मासळीचा भाव सापडला. पण तुमचं पत्र आणि तिचा स्वाध्याय शेजारी शेजारी ठेवले आणि संशय फिटला. हे दोन हात एक असणं शक्यच नाही. असं अक्षर असलेला माणूस घरात असून पोरीची ही गत व्हावी, म्हणजे दिव्याखाली अंधारच. रोज अर्धा तास तिला शेजारी बसवून गिरवून घ्या.

तुमची,
मॅम लुडिविना

ता. क. पत्रात नातीचं कौतुक जरा आवरतं घ्या. नजर लागेल.

———

पुंता वाडी
१८ ऑक्टोबर २०२१

मॅम,

देव तुमचं भलं करो. बहिणीचं वाचून वाईट वाटलं. घरातल्या देवापुढे, आल्तारवर, तिच्या नावाने मेणबत्ती लावली.

अर्धा तास गिरवणं सुरू केलं आहे. फार कंटाळवाणं काम आहे. बोटं आखडतात. लिनलिनची. तरी ती तक्रार करत नाही, कारण ती सहनशील आहे. (तुम्ही सांगितलं म्हणून कौतुक एवढ्यावर थांबवलं आहे.)

हात धुण्याच्या सोयीसाठी दोरोबरोबर बांबू पाठवतो आहे. मी जन्मभर होड्यांना दोन्ही बाजूंनी तोल धरणारे बांबूचे पंख बांधत आलो, घरामागे अजून पडलेले आहेत. आतल्या गाठी फोडून दिल्या आहेत. पाणी वरून ओता, खाली दहा भोकांतून दहा मुलांचे हात धुतील. भोकं लांब लांब पाडली आहेत.

कागद मिळाला, कोरडा आहे. पण मुलीचे बूट बसत नाहीत. दीड वर्षात पाय वाढले. आणि नोव्हेंबरात वारा फिरतो, होडीचा भरवसा नाही. आणि घरात कामं असतात. आणि कोंबड्यांनी अंडी घातली आहेत, त्याकडे कोणीतरी बघायला हवं.

तेव्हा सही तूर्त नको.

आपला,
एपिफानियो फेताल्वेरो

———

सान रोके प्राथमिक शाळा
२५ ऑक्टोबर २०२१

लोलो पानियो यांना,

हात कपाळाला. बांबूबद्दल मनापासून आभार. मुख्याध्यापकांनी पहिलं पाणी ओतलं आणि दहाही भोकांतून एकदम धार लागली, तेव्हा आम्ही चार मोठी माणसं टाळ्या पिटत होतो. गावचा कप्तान बघायला आला आणि हात धुऊन गेला. इतका स्वच्छ तो निवडणुकीतही नव्हता.

आता भांडते. दहा मुलांचे हात धुतील असा बांबू तुम्ही पाठवलात आणि त्यातलं दहावं मूल मात्र घरात ठेवताय, याचा अर्थ काय लावू? नऊ सह्या झाल्या. नाही ती एकट्या तुमची. आठ तारखेला तपासणीची मंडळी येतील आणि संमतीपत्रं मोजतील. नऊ निघाली तर कुलूप तसंच राहील, आणि ही नऊ पोरंही घरी बसतील. त्यातली तीन अशी आहेत, की दीड वर्षात त्यांना आकडेसुद्धा विसरायला झालेत.

बुटांची अडचण नाही, चपला चालतील. वाऱ्याची अडचण नाही, दोरो म्हणतो वाऱ्याचं तो बघेल. अंड्यांवर कोंबडी बसते, लोलो, मुलगी बसत नाही.

तुमची भीती काय आहे ते स्पष्ट सांगा, मी तोडगा काढीन. पण रोज नवं निमित्त काढू नका. तुमच्या नातीला शाळेची गरज आहे. इतरांपेक्षा जास्त आहे. तिचे स्वाध्याय बघून मी तिचं नाव कच्च्या मुलांच्या जादा वाचनवर्गात घातलंय. पहिलीच्या अंकलिपीपासून सुरुवात करू. लाज वाटून घेऊ नका. दोष तिचा नाही, काळाचा आहे.

तुमची,
मॅम लुडिविना

———

पुंता वाडी
३० ऑक्टोबर २०२१

मॅम,

देव तुमचं भलं करो.

यंदा मृतांच्या दिवशी स्मशान बंद आहे म्हणतात, म्हणून माझ्या बायकोची कबर आजच झाडून आलो. तिला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही.

त्या नऊ पोरांचं वाईट वाटतं. पण सही होणार नाही. कारण विचारू नये.

आपला,
एपिफानियो फेताल्वेरो

मॅम, यापुढचं लोलोने सांगितलेलं नाही. तो डुकराला खायला घालायला गेलाय. मी लिनलिन, पूर्ण नाव जेनलिन. वरचं पण मीच लिहिलंय, आणि आधीची पत्रंसुद्धा. लोलो सांगतो आणि मी लिहिते. (हुशार, मेहनती, दिसायला बरी, हे मी माझं घातलं होतं.)

मी हे सांगणार नव्हते. पण कच्च्या मुलांच्या वर्गात मला घातलंत, ते मला सहन होणार नाही. अंकलिपी! मॅम, मी बायबलसुद्धा वाचते, त्यातल्या अवघड नावांसकट.

स्वाध्याय मी सोडवत नाही. लोलो सोडवतो. तो लहानपणी पहिलीतून उठला आणि होड्यांवर गेला, त्यामुळे त्याला फक्त स्वतःचं नाव येत होतं. शाळा बंद झाली तेव्हा मी शाळा-शाळा खेळायचे, पण मुलं कुठून आणणार? म्हणून मी लोलोला बसवलं. सुरुवातीला तो नको नको म्हणाला. आता सकाळी माझ्या आधी उठून पाटी घेऊन बसतो. स्वाध्यायाची प्रत एकच येते, ती मी त्याला देते. माझी उत्तरं मी जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहिते, ती सगळी बरोबर असतात, पाठवू का? 'उत्तरे वेगवेगळी असू शकतात' त्या दिवशी मी विहिरीवर होते. नाहीतर मी लिहू दिलं नसतं. मी त्याला रागावलेसुद्धा.

गेल्या वर्षी त्याला 'क' आणि 'ग' यांतला फरक कळायचा नाही. आता तो साबणाच्या कागदावरचंही वाचतो. बरोबर उत्तरांसाठी तुम्ही पाठवलेल्या कागदी चांदण्या मी त्याला देते. तो त्या टोपीच्या आत चिकटवतो.

मॅम, मला शाळेत यायचंय. फार यायचंय. इथे माझ्या वयाचं कोणी नाही. मी लोलोला म्हटलं, तू रोगाला भितोस का? तो म्हणाला, नाही. मग म्हणाला, तू गेलीस की माझं कोण तपासणार? आणि हसला. पण गंमत करायची ही वेळ आहे का, सांगा. खरं कारण तो मलाही सांगत नाहीये. तुम्हीच काढून घ्या.

लोलो आला. संपवते.

———

सान रोके प्राथमिक शाळा
४ नोव्हेंबर २०२१

लोलो पानियो यांना,

हे पत्र मोठ्या अक्षरांत आहे. ओळी एकमेकींपासून लांब लांब आहेत. दुसऱ्या कोणाला वाचायला देऊ नका. तुम्हीच वाचा. घाई नाही, पाहिजे तर दोन दिवस घ्या. दोरो थांबेल, त्याला मी सांगितलंय.

मला कोणी काही कळवलेलं नाही. कोणी पत्राच्या शेवटी काही लिहिलेलं नाही. मी आपली एक मंद बाई. दोन अक्षरं शेजारी ठेवून बघितली आणि कोणतं कोणाचं हे उलटं धरून बसले.

तुमचे स्वाध्याय मी गठ्ठ्यातून परत काढले. गेल्या वर्षीच्या पहिल्या पानापासून बघितले. पहिल्या पानावर सहा शब्द आहेत, त्यातले चार चुकलेत. यंदाच्या पानावर तीन ओळींची गोष्ट आहे. ती पूर्ण आहे. मी बावीस वर्षं शिकवतेय. एवढ्या थोड्या काळात इतकं पुढे गेलेला विद्यार्थी माझ्या हाताखालून फारसा गेलेला नाही. हे मी खूश करायला म्हणत नाही. शिक्षकाने खोटे गुण देऊ नयेत.

'मोठेपणी कोण होणार?' यावर तुम्ही लिहिलंत, 'होऊन झालं.' मी त्यावर लाल काट मारली होती. ते बरोबर धरून अर्धा गुण दिलाय. उरलेला अर्धा देणार नाही, कारण अजून झालेलं नाही.

आता नीट ऐका. लिनलिन शाळेत आली म्हणून तुमची शाळा बंद होत नाही. एक आठवडा मुलं शाळेत, एक आठवडा घरी, असा नियम आहे. घरच्या आठवड्यात स्वाध्याय येतच राहतील. आता प्रती दोन येतील. एकीवर तिचं नाव असेल, एकीवर तुमचं.

शिवाय दर शनिवारी मी मोठ्यांचा वर्ग घेणार आहे. कायमितोच्या झाडाखाली, मोकळ्यावर. तीन बायका आणि दोरो, एवढे येतो म्हणालेत. दोरोला पाकिटांवरची नावं वाचता येत नाहीत, हे मला आत्ता कळलं. तो रंगावरून पोचवत होता! तुम्ही आलात तर पाच जण होतील.

घरात जी सोबत झाली ती जाईल, सकाळी पाटी घेऊन समोर कोणी नसेल, याची भीती वाटते ना? वाटणारच. बहीण गेली तेव्हा मला घरात ताट वाढवत नव्हतं. पण लोलो, ती नऊ वर्षांची आहे. तिला रागवायला तुम्ही आहात, हे ठीक. तिच्याबरोबर पळायला कोणीतरी हवं ना.

सोबत कागद दोन आहेत. एक तिचा, एक तुमचा. शाळेत छापील कागद एकाच प्रकारचा असतो, तेव्हा तुमच्या कागदावरचा नको तो मजकूर सोडून द्या.

तपासणी सोमवारी आहे.

तुमची,
मॅम लुडिविना

———

पुंता वाडी
६ नोव्हेंबर

मॅम

हे मी लिहीतो. कोणी सांगत नाही.

पत्र वाचल. एक दीवस लागला. दोन नाही.

लीनलीनने खाली काय लिहीलं ते मला माहीत आहे. तीला वाटलं लोलोला बारीक अक्षर येत नाही. येतं. मी वाचलं आणी मगच पाकीट चीकटवलं. माझ्या तोंडाने ते बोलता येत नव्हतं. तीने बोललं ते बरं झालं.

तीला सांगू नका.

तीच्या कागदावर सही केली. दोनदा केली. एक वाकडी झाली म्हणून.

माझ्या कागदाचा वीचार करतो.

एपीफानीयो

———

सान रोके प्राथमिक शाळा
१५ नोव्हेंबर २०२१

लोलो पानियो यांना,

हात कपाळाला.

तपासणीच्या मंडळींनी संमतीपत्रं मोजली. दहा. प्रमुख बाईंनी पुन्हा मोजली, तरी दहाच. मग त्यांनी बांबूखाली हात धुतले आणि कोणी बनवला म्हणून विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

आज वर्ग भरला. तुम्हाला ठाऊकच आहे, कारण तुम्ही दोरोच्या होडीत धक्क्याशी सबंध सकाळ बसून होतात. जाळं दुरुस्त करतोय असं भासवत होतात. दोरो म्हणाला, जाळं फाटलेलंच नव्हतं. पण आत काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नसेल, म्हणून लिहिते.

फाटकावर कपाळाला तापमापक लावलं, तर दोन पोरांनी डोळे मिटून मान खाली घातली. त्यांना वाटलं आशीर्वाद मिळतोय. हिरव्या बाणावरून दहा जणं मुंग्यांसारखी ओळीने आली आणि बाकांवर बसली. आणि गप्प. लोलो, मी पोरांचा आरडाओरडा ऐकून डोकं धरलेली बाई आहे, पण अशी शांतता मी शाळेत कधी ऐकली नव्हती. कोणी हलेना. कोणी मास्कमागून बोलेना. एकमेकांकडे नुसते डोळे फिरवत होती. मी म्हटलं, सुप्रभात मुलांनो. उत्तर नाही. दीड वर्ष मी या क्षणाची वाट पाहिली होती.

मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. चपला दोन नंबर मोठ्या. हात मागे बांधून ती फळ्यापाशी आली, वर्गाकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅमने सुप्रभात म्हटलंय. ऐकू आलं नाही का? सगळ्यांनी एका आवाजात. मोठ्याने. तिसऱ्या ओळीतला मुलगा, तूसुद्धा."

आणि सगळ्यांनी एवढ्या मोठ्याने सुप्रभात म्हटलं, की बाहेर कायमितोवरचे पक्षी उडाले. तेव्हा मला रडू आलं आणि हसूही आलं. मास्क असतो ते एक बरं असतं.

पुढचं काय सांगू? धड्याच्या मध्ये तिने मला दोनदा सुधारलं. एकदा तीच बरोबर होती. मधल्या सुट्टीत लांब लांब उभं राहून पोरांनी सावली पकडण्याचा खेळ काढला, कारण माणसाला शिवायचं नव्हतं. लिनलिन जितकी पळाली तितकी ती गेल्या वर्षभरात पळाली नसेल. दुपारी घरी जा म्हटलं, तर एकही उठेना.

जादा वाचनवर्गातून तिचं नाव काढून टाकलंय. तिच्याकडे तो वर्ग घ्यायला द्यावा की काय, असा विचार चाललाय.

तुमच्या कागदाचं काय झालं?

तुमची,
मॅम लुडिविना

———

पुंता वाडी
२२ नोव्हेंबर २०२१

मॅम,

या आठवड्यात मी घरी आहे, म्हणून पाकिटात लिहिते. लोलो अंगणात बसलाय. त्याला आज चाळीस ओळी दिल्यात.

शाळेच्या आठवड्यात दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी विचारलं, सकाळी काय केलंस? तो म्हणाला, जाळं विणलं. पाटी बघितली तर भरलेली होती. दोन्ही बाजूंनी. मग मी ती तपासून दिली.

त्याचा शनिवारचा कागद त्याने आल्तारवर ठेवला होता. लोलाच्या, म्हणजे आजीच्या, फोटोखाली. रोज काढायचा, वाचायचा आणि परत ठेवायचा. काल मी विचारलं, अडलंय कुठे? तर म्हणाला, खाली 'पालकाची सही' असा रकाना आहे. माझे आईबाप वर गेले, बायको वर गेली, आता मी सही कोणाची आणू? मी म्हटलं, मॅमने नको तो मजकूर सोडून द्यायला सांगितलंय. तो म्हणाला, सरकारी कागदात रकाना मोकळा ठेवू नये.

मग मी पेन घेतलं.

कागद सोबत पाठवतेय. प्लास्टिकच्या पिशवीत आहे. विद्यार्थ्याचं नाव त्याने स्वतः लिहिलंय, खाडाखोड नाही. सही मी केलीय. 'विद्यार्थ्याशी नातं' इथे काय लिहावं हे मला आधी कळेना, मग मी 'त्याची मॅम' लिहिलं. चालत नसेल तर कळवा.

शेवटी 'पालकांच्या काही सूचना असल्यास' अशी ओळ आहे. जागा कमी होती, म्हणून कडेने लिहिलंय. तिथे वाचता नाही आलं तर इथे परत लिहिते:

'माझ्या विद्यार्थ्याला शनिवारी पुढच्या बाकावर बसवावे, त्याला लांबचे कमी दिसते. चुकला तर सगळ्यांसमोर हसू नये. त्याला सावकाश येते, पण येते.'

आपली,
जेनलिन फेताल्वेरो
पालक